शमुवेलचं लग्न

आमच्या घरमालकीण मार्थामावशी एका रविवारी चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शमुवेलसाठी प्रार्थना करा. तीन दिवसांपासून जंगलात आहे, अन् मागं बिबट्या लागून राहिला." सगळ्यांनी डोळे मिटले. सोबत गेले होते म्हणून मीही मिटले. संध्याकाळी दोन बायका डबा घेऊन विचारपूस करायला आल्या, तेव्हा कळलं की शमुवेल हा मावशींच्या कादंबरीचा नायक.

"तर काय झालं?" मावशी डबा उघडत म्हणाल्या. "संकट खोटं आहे का?"

मी सानगडीची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, म्हणून भंडाऱ्याला मावशींकडे खोली घेऊन राहते. माझं अक्षर पाहून त्यांनी मला कादंबरीची स्वच्छ प्रत करायला बसवलं. मी भीतभीतच बसले. पण पहिली वही भरली तेव्हा बाबांना फोन करून सांगितलं, "पुस्तक माझ्या अक्षरात होऊन राहिलं."

कादंबरीत रूथ आणि शमुवेलचं लग्न सहा वेळा ठरतं आणि दर वेळी अडतं. एकदा वैनगंगेला पूर येतो, एकदा शमुवेल आंबागडच्या किल्ल्यात कोंडला जातो. दोघं देवावरचा भरवसा सोडत नाहीत. सहाव्या वेळी वऱ्हाड दारात असताना पाळकसाहेबांचा घसा बसतो.

"मावशी, घसा?" मी बिचकत विचारलं.

"काहून? पाळकाचा घसा बसत नाही का? तू लिहून राहिली का मले शिकवून राहिली?"

नागपूरचा एक प्रकाशक पुस्तक छापायला तयार होता. फक्त शेवट हवा होता. मावशी जन्मभर नर्स होत्या, रक्ताला कधी घाबरल्या नाहीत. पण शेवटाचा विषय निघाला की भाजी निवडायला उठायच्या. "प्रभू पाहून राहिला ना," एवढंच म्हणायच्या.

कारण मला एका दुपारी कळलं. त्यांचे यजमान दानियलकाका वनरक्षक होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला. रोज चहानंतर मावशी नवं पान वाचून दाखवतात, आणि पान संपलं की काका कष्टानं ओठ हलवतात, "मंग?"

"लग्न लावलं का गोष्ट सरली, पोरी," मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "अन् ह्यांचा तो एक शब्दबी सरला तं?"

"तुम्हीच म्हणता ना, प्रभू पाहून राहिला," मी कसंबसं म्हटलं.

आठवडाभर त्या भाजीच निवडत राहिल्या. मग रविवारी चर्चमध्ये उभ्या राहिल्या. "उद्या शमुवेलचं लग्न आहे. प्रार्थना करा." कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ करून मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मावशींनी ते पान वाचलं. अंगठ्या झाल्या, आशीर्वाद झाला. पान संपलं. मावशी वही न मिटता काकांच्या ओठांकडे पाहत राहिल्या.

"मंग?" काका म्हणाले.

मावशींनी पदरानं डोळे पुसले. "मंग काय? संसार. खरी संकटं तं आता सुरू!"

मी न सांगताच नवी वही काढली आणि चांगलं ठळक अक्षर काढून लिहिलं, 'भाग दुसरा'.