गावंडे सर आणि नाल्याचं पाणी

गावंडे सर कुणाच्याही घरी गेले, की आधी अंगणात तांब्याभर पाणी ओतत आणि ते कुणीकडे वाहतं ते उकिडवे बसून पाहत. एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याला पेटत्या चुली हलवायला लावल्या. "अवकाळी आला तं बुंदी वाहून जाईन ना बे!" अवकाळी आला नाही. वधूपिता मात्र वर्षभर सरांशी बोलला नाही.

यवतमाळला आम्हा नव्या इंजिनिअरांना ते जलसंधारणाची कामं शिकवत. नाल्याला पूर किती येईल, जादा पाणी काढायला बांधाला सांडवा केवढा ठेवायचा, सगळं गणित तोंडपाठ. पण गणिताआधी पायपीट. कुणी कुरकुरलं, की म्हणत, "नकाशावर पाय वल्ले होते काय? चाला!"

झरी जामणीकडचा एक मातीचा बांध माझ्याकडे आला. नाला उगमापर्यंत चालून पाहायचा होता. ऊन मी म्हणत होतं, त्यात बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मी शेजारच्या बांधाचे आकडे उतरवले.

"चाललास ना वरपर्यंत?" सरांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी सही केली.

श्रावणात बांध फुटला. सांडवा लहान पडला होता. खालच्या भीमाबाईचं कपाशीचं वावर रेतीखाली गेलं. चौकशीत सर उठून म्हणाले, "मलेच शिकवता नाही आलं. माही चूक होय." मी टेबलाकडे बघत बसलो. त्यांचं शिकवणं बंद झालं. मला बढती मिळाली. त्यांच्या गल्लीतून जाणं मी सोडलं.

यंदा सर वारले. मग मी त्या वावरात पहिल्यांदा गेलो. अर्ध्याहून जास्त वावर साफ झालं होतं. भीमाबाई एकटीच रेती उपसत होती. सर गेले म्हणून सांगितलं, तशी ती वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली.

"दर रविवारी येत होते मास्तर. रेती उपसू लागत. म्या म्हटलं, तुमी कायले येता? तं म्हने, माह्या पोरानं खराब केलं तुमचं वावर."

सरांनी लग्नच केलं नव्हतं.

"त्या पोराले कळवलं का?" तिने विचारलं.

"त्याला माहीत आहे."

"मंग तो काहून नाही आला?"

"मीच तो, बाई."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"लय उशीर केला गा तुनं," ती म्हणाली.