भोळ्या अळ्या

दगडूभाऊ माणसाचा हात हातात घेत ते हुंगायला. खोलीच्या दारात उभे राहून म्हणत, "आधी हात." तेल, पावडर, उदबत्ती, कशाचाही वास आला की दार बंद. मोठ्या साहेबांचासुद्धा हात त्यांनी एकदा हुंगला आणि म्हणाले, "साबण लय वासाचा हाय, सायेब. उद्या या."

कुसगावजवळच्या टेकडीवर आमची छोटी प्रयोगशाळा होती. मी तिथे कारकून होतो आणि दगडूभाऊ अळ्या पाळत. कापसाची बोंडं पोखरणाऱ्या अळ्या. मावळात कापूस पिकत नाही, बाहेरचा पतंग आत शिरायची भीती नाही, म्हणूनच प्रयोगशाळा इथे. काचेच्या बरण्या, तोंडाला मलमल, आत भेंडीचे तुकडे. बाजारची भेंडी त्यांना चालत नसे. "तिच्यावर कोन काय मारतं, कुनाला म्हाईत?" म्हणून पत्र्याच्या डब्यांत ते स्वतः भेंडी लावत. पावसाळ्यात मुळं कुजली की डबे उचलून व्हरांड्यात, तिथे ओल आली की आत, असे चार महिने ते डबेच वाहत असत.

या अळ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी औषध पाहिलेलं नव्हतं. नवं औषध आलं की ते आधी यांच्यातल्या थोड्यांवर मारून बघायचं, म्हणजे औषधात दम किती ते कळे. दगडूभाऊ त्यांना 'भोळ्या' म्हणत. उरलेल्या जपायच्या, एवढंच त्यांचं काम. आमच्या घरी ढेकणांची पावडर मारली, तेव्हा आठ दिवस मी दारातूनच हजेरीपटावर त्यांची सही घेत होतो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. खानदेशातून एक शेतकरी अळ्यांनी भरलेला डबा घेऊन आला. आमच्या साहेबांनीच सुचवलेलं औषध त्याने दोनदा मारलं होतं. "पाणी जास्त घातलं असशील," साहेब म्हणाले. "नाही साहेब," तो म्हणाला, "पोरांची शपथ."

साहेबांनी स्वतः औषध मोजून पाल्यावर फवारलं. तो पाला दगडूभाऊंनी शेतकऱ्याच्या अळ्यांना घातला. दोन दिवसांनी त्यांनी बारीक कुंचल्याने एकेक अळी ढोसून पाहिली. त्या चालायला लागल्या. उरलेला पालाही त्यांनी खाल्ला होता.

साहेब चिडले. "दगडू, तू पाला धुतलास. तुला दया येते अळ्यांची, सगळ्यांना ठाऊक आहे."

"न्हाई सायेब."

"मग तेच औषध, तसाच पाला, माझ्यासमोर या अळ्यांना पुन्हा घाल आणि तुझ्याही अळ्यांना घाल. पाला तू धुतला नसशील तर तुझ्या मरतील आणि या जगतील."

"घालतो. एक बरनी ठिवू का मागं?"

"सगळ्या. मागाहून शंका नको."

मला वाटलं, दगडूभाऊ एखादी बरणी लपवतील. मी असतो तर लपवली असती. त्यांनी एकेक बरणी आणून टेबलावर मांडली, मलमल सोडली, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत फवारलेला पाला आत ठेवला, शेतकऱ्याच्या अळ्यांनाही घातला. मग नळावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले.

शनिवारी बरण्या उघडल्या. शेतकऱ्याच्या अळ्या पाला खात होत्या; भोळ्यांतली एकही हलली नाही. तरी दगडूभाऊ प्रत्येकीला कुंचल्याने ढोसत होते, एकदा, पुन्हा एकदा. साहेब म्हणाले, "पुरे. झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी चूक नव्हती." निकालासाठी थांबून बाहेर बाकावर बसलेल्या शेतकऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं: औषधात खोट नाही, तुझ्यातही नाही, तुमच्याकडच्या अळ्यांना आता ते बाधत नाही.

"मग मी मारू काय?" त्याने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. मी अहवालाचा कागद टाइपरायटरमध्ये घातला. शेतकरी रिकामा डबा घेऊन टेकडी उतरून गेला.

अर्ध्या दिवसाने सुटी झाली. दगडूभाऊ माझ्याबरोबर लोणावळा स्टेशनपर्यंत आले. घोरावाडीला जाणारी त्यांची गाडी उभी होती. ते चढले नाहीत.

"भाऊसायेब, उद्या रविवार," ते म्हणाले. "रविवारी लोक करतात काय?"

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ते रविवारीही टेकडीवर येत होते. दिवाळीतही. भेंडी चिरायला.

मी त्यांना घरी नेलं. बायकोने चहा ठेवला. माणूस अवघडून बसलेला बघून तिने सहज विचारलं, "भाऊ, घरी कोण कोण असतं?"

"मालकीन गेली. लय वरसं झाली. मूलबाळ न्हाई."

"म्हणजे एकटेच?"

दगडूभाऊंनी बशीत चहा ओतला, पण बशी उचलली नाही.

"आता एकटाच," ते म्हणाले. "परवापतुर लय जन व्हतो."