पासष्टीच्या दाढा

आंदोंगच्या विद्यापीठात कन्फ्यूशियसच्या विचारांचा जो विभाग आहे, तिथे ज्येष्ठाने चमचा उचलल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करीत नसे आणि ज्येष्ठाचे जेवण संपल्याशिवाय कोणी उठत नसे. या शिस्तीने तीन पिढ्यांत कोणाचे काही बिघडले नव्हते. मग प्राध्यापक प्यो ग्योंग-मुक विभागात सर्वांत ज्येष्ठ झाले, आणि त्याच सुमारास त्यांच्या मागच्या चार दाढा गेल्या.

नव्या दाढांना पैसे नव्हते असे नाही. पैसे होते, खर्चण्याची इच्छा नव्हती, आणि या नसलेल्या इच्छेला प्यो ‘धोरण’ म्हणत. पासष्ट पूर्ण झाली की दोन दाढांचा बहुतांश खर्च सरकारी विमा उचलतो. चौसष्टाव्या वर्षापर्यंत नागरिकाला चावण्याची गरज नसते, असा सरकारचा काही अभ्यास असावा. विद्यापीठही पासष्टालाच निरोप देते. म्हणजे पगार थांबतो त्याच वर्षी दाढा येतात. उरलेल्या दोन दाढांविषयी प्यो यांचे मत असे, की विद्वत्तेला एक बाजू पुरते.

“अहो, म्हणजे तीन वर्षं नुसतं चोखून जेवणार?” त्यांच्या पत्नी ओक-रान यांनी विचारले.

“चौतीस महिने. पूर्वीचे पंडित रानभाजी आणि पाण्यावर जगले.”

“त्यांना दाढा होत्या. रानभाजी काय आपोआप पोटात उतरत होती?”

धोरणाची झळ घरापेक्षा विभागाला अधिक लागली. भाजलेल्या बरगडीचा एक तुकडा समोरच्या दातांनी संपवायला प्यो यांना मध्यम आकाराच्या प्रबंधाइतका वेळ लागे. सोळा सहकारी मान खाली घालून रिकाम्या वाट्यांकडे पाहत बसत. शेवटची बस जाई, कोणाचे मूल शेजाऱ्यांकडे झोपी जाई, निखारे विझत. बोलत मात्र कोणी नसे. आदराची ही मोठी सोय आहे: तो असला की खरे बोलावे लागत नाही.

शेवटी विभागीय भोजनांची व्यवस्था पाहणाऱ्या व्याख्यात्या बे सांग-ही यांनी हळूहळू पदार्थ बदलले. बरगड्या जाऊन टोफू आला, टोफू जाऊन वाफवलेले अंडे आले, आणि वसंतापासून सारा विभाग बाजारामागच्या पेजेच्या दुकानात जाऊ लागला. सतरा धडधाकट माणसे दर पंधरा दिवसांनी समोरासमोर बसून पेज पीत. नव्या पिढीत अखेर साधेपणा आला, असे प्यो यांनी घरी समाधानाने सांगितले.

पेज आजाऱ्याला देतात. त्यामुळे दुकानाच्या काचेतून अधिष्ठाता माएंग यांना हा विभाग मान खाली घालून बसलेला आणि मधोमध गाल बसलेले प्यो दिसले, तेव्हा त्यांनी जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. आठवड्याभरात सर्वांना कळले की पोटाचे काहीतरी आहे. पंधरवड्यात किती महिने उरले तेही ठरले. ज्यांनी वीस वर्षांत प्यो यांचा एकही लेख उल्लेखिला नव्हता, ते तळटिपांत त्यांचे नाव घालू लागले. हयात विद्वानाला एवढा मान मिळाल्याचे उदाहरण विभागात नव्हते.

मान सुखाचा होता. पण त्या शरदात संशोधन संस्थेच्या संचालकाची निवड होती. एकोणीस वर्षे प्यो या पदाची वाट पाहत होते. मुदत दोन वर्षांची, निवृत्तीलाही दोनच वर्षे. पुन्हा संधी नव्हती. अशा वेळी माएंग महाग शिंपल्यांची पेज घेऊन घरी आले आणि प्यो यांचा हात हातात धरून हळुवार बोलले.

“सर, पदाचं काय एवढं. तब्येत जपा. हे ओझं आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालतो.”

एका वाक्यात हे सारे मिटले असते. पण ‘दाढा नाहीत’ म्हटले की ‘मग बसवल्या का नाहीत’ हे ओघानेच आले. आणि थोर पुरुष पैशाचा विचार करीत नाही, हे प्यो यांनी चारशे पानांत सिद्ध केलेले होते. विम्यासाठी तोंड रिकामे ठेवल्याची कबुली म्हणजे त्या ग्रंथाला स्वहस्ते शुद्धिपत्र जोडणे. त्यापेक्षा प्रकृतीचा पुरावा चारचौघांत द्यावा, असे त्यांनी ठरवले.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या जुन्या कन्फ्यूशियसपंथी गुरुकुलात शरदाचा पूजाविधी झाला आणि पानावर, आंदोंगच्या रीतीप्रमाणे, उकडलेला ऑक्टोपस आला. पहिला तुकडा ज्येष्ठाचा.

“सर, तुमच्यासाठी वेगळा बारीक चिरून ठेवलाय,” बे कानाशी येऊन म्हणाल्या.

“मी काय तान्हं मूल आहे?”

त्यांनी ताटातला सर्वांत जाड तुकडा उचलला. सगळा विभाग आणि अधिष्ठाता पाहत होते. प्यो यांनी शोभेपुरते तीनदा समोरचे दात हलवले आणि गिळले. तुकडा निम्म्या वाटेपर्यंत गेला व तिथे स्थिरावला. नंतर रुग्णवाहिका आली.

इस्पितळात घशातून नळी घालून तुकडा काढला, आणि नळी आत गेलीच आहे तर पोटही पाहिले. डॉक्टर तरुण होता. अधिष्ठात्यांसमोर काय बोलू नये, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

“पोट ठणठणीत आहे. पण या तुकड्यावर चावल्याची एक खूण नाही. आजोबा, दाढा का नाही बसवल्या?”

नळीने सुजलेला प्यो यांचा घसा बंद होता. ओक-रान यांचा नव्हता.

“पासष्टीची वाट बघतायत. विम्यात होतं ना मग.”

माएंग यांनी ट्रेमधला अख्खा तुकडा वाकून पाहिला.

प्यो यांनी तीन दिवस खर्चून माघारीचे पत्र लिहिले, अतिशय उत्तम शैलीत. ते पाठवण्याआधीच बे दारात आल्या. निवड झाली होती, एकमताने. माणूस चुकला नाही ना, असे प्यो यांनी विचारले.

“नाही सर, तुम्हीच. माएंग सर सभेत म्हणाले, ज्यानं दाढांच्या पैशापायी स्वतःच्या तोंडाला उपाशी ठेवलं, तो संस्थेच्या पैशाला कुणाला शिवू देईल का?”

चारशे पाने लिहून जे जमले नव्हते ते चार दाढांच्या अभावाने करून दाखवले होते. प्यो यांनी पत्राची घडी घालून ती खिशात ठेवली आणि थोर पुरुषाला शोभेल इतकाच आनंद चेहऱ्यावर येऊ दिला.

“आता तुमच्याकडून जेवण, सर,” बे पुढे म्हणाल्या. “पद ज्याला मिळतं त्यानंच घालायचं असतं. संस्थेचे सगळे धरून पंचेचाळीस जण होतायत. पेज नको, असं ठरलंय. बरगड्या.”

रीत मोडणे शक्य नव्हते; तिच्यावरच त्यांचा सारा मान उभा होता. ओक-रान यांनी कागदावर जेवणाचे आकडे मांडले आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. तेवढ्यात विम्याशिवाय चार दाढा आल्या असत्या, वर डॉक्टरला चहा.

त्या संध्याकाळी निखाऱ्यांवर मांस तडतडत होते आणि वर्षभराचे उपाशी सहकारी परातीमागून परात रिकामी करीत होते. प्यो मधोमध बसून सूप पीत होते. तोंड भरलेल्या बे यांनी विचारले, चव कशी आहे, आणि आम्ही सगळे फार घाईने तर खात नाही ना.

“खा, खा,” नवे संचालक म्हणाले. “फक्त जरा सांभाळून चावा. माझ्याच दाढा आहेत त्या.”