भोजराजजींची होडी ट्रकवर चढते

"होडी पाण्यातूनच जाईल!" असं भोजराजजींनी जाहीर केलं, तेव्हा ते अंगणात उभे होते आणि होडीही अंगणातच होती.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्यांनी चौतीस वर्षं मापं तपासली. रिटायर होऊन गावी आले, तर तपासायला काही उरलं नाही. मग चौदा महिने खपून त्यांनी शिडाची होडी बांधली. गाव धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर. पाणी एवढं, की पलीकडचा काठ फक्त चष्मा पुसल्यावर दिसतो. आता मच्छीमार सोसायटीने काठाकाठाने बारा किलोमीटरवरच्या घाटावर होड्यांची शर्यत ठेवली होती. रविवारी, बरोबर अकरा वाजता. ती जिंकणं भाग होतं, कारण चौदा महिने अख्खं गाव त्या होडीला 'भोजराजजीचा पाळणा' म्हणत होतं!

प्रश्न एवढाच, की पाळणा, म्हणजे होडी, घाटापर्यंत न्यायची कशी?

"अजी, पाण्याखाली बुडालेल्या गावाची झाडं उभी हायेत," त्यांच्या पत्नी कुंताबाई म्हणाल्या. "एखादं ठूट लागलं त होडीचा चुरा होईन. माह्या भावाचा ट्रक हाय ना लाखनीले! लिलाधरले फोन लावते."

"ट्रक? पाण्यातली वस्तू ट्रकवर? उद्या म्हणशीन, माशाले सायकलवर बसवा!"

"मंग बाजारात मासे कायच्यावर येतेत?"

भोजराजजींनी मिशी कुरवाळली.

तेवढ्यात इतवारी आला. हा गावचा मासेमार. याचा डोंगा आजोबाच्या काळातला, एका खोडातून कोरलेला, आणि दिसायला तसाच; म्हणजे आजोबासारखा.

"बाबूजी, काठ नाई सोडला त काईच होत नाई," तो म्हणाला. "मी पहाटेच निघून राहिलो. माह्या डोंग्यामागं-मागं या."

मागं-मागं! शिडाच्या होडीने डोंग्याच्या मागं-मागं!

"इतवारी! चौदा महिने मी तुह्या डोंग्याची शेपटी व्हायले खपलो का?" भोजराजजी कडाडले. "कुंता, लाव फोन. ट्रक बोलाव!"

असा तो निर्णय झाला. नकाशा पाहून नव्हे, वारा पाहून नव्हे, निव्वळ संतापून.

रविवारी आठ वाजता लिलाधरचा ट्रक निघाला. होडीवर ठळक लाल अक्षरांत नाव रंगवलं होतं: 'विजय'. भोजराजजी केबिनमध्ये बसेनात. कप्तानाची जागा होडीत! ते ट्रकवरच्या होडीत उभे राहिले, डोक्यावर टोपी घातली, आणि लोकांना नीट कळावं म्हणून शीडही उभारलं.

"भाऊजी, शीड उतरवा! ट्रक उडून जाईन!" लिलाधर ओरडला.

"तू स्टेअरिंग पाय!"

पहिल्या गावाच्या फाट्यावर दहाबारा माणसं टाळ्या पिटत धावत आली. दुसऱ्या फाट्यावर ढोल आला! "होडी आली रे, होडी आली!" लोक नाचू लागले, पोरींनी गुलाल उधळला. भोजराजजींचा ऊर भरून आला. गावाला कळलं नाही, पण तालुक्याला कळलं! त्यांनी दोन्ही हात जोडले. डावीकडे जोडले, उजवीकडे जोडले, एका म्हातारीला खास वाकून जोडले. तिसऱ्या फाट्यापर्यंत ट्रकमागे दोनशे माणसं झाली होती.

आणि तिथेच भरारी पथकाची जीप आडवी उभी होती.

"प्रचाराची परवानगी दाखवा," जीपमधून उतरलेल्या पथकप्रमुख कामिनी मॅडम म्हणाल्या. पथकातला एक माणूस व्हिडिओ घेत होता.

"कायचा प्रचार?"

"जिल्हा परिषदेची निवडणूक आहे. धनीराम यांचं चिन्ह शिडाची होडी. तुम्ही होडीत उभे आहात, हात जोडलेत, होडीवर 'विजय' लिहिलंय, मागे ढोल आहे. तुम्ही उमेदवार का?"

"मी उमेदवार नाई! मी कॅप्टन हाय!"

"कोणत्या पक्षाचे?"

"अहो, ही खरी होडी हाय! अकरा वाजता शर्यत हाय!"

मॅडमनी ट्रकचा एक फेरा मारला. त्यांना होडी खरोखर आवडलेली दिसली. "सुंदर आहे. पण मग पाण्यातून का नाही नेली? पाण्यातली होडी ही होडीच असते, काका. रस्त्यावर आली की चिन्ह होते."

भोजराजजींनी लिलाधरकडे पाहिलं. लिलाधरने स्टेअरिंगकडे पाहिलं. त्याला तसं सांगितलंच होतं.

होडी तिच्याच शिडाने झाकली गेली आणि ट्रकसकट तहसीलच्या आवारात जमा झाली. मतमोजणी होईपर्यंत! "चौदा महिने! चौदा महिने खपलो, ते हिले तहसीलात सावली द्यायले का?" भोजराजजी शिपायापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना विचारत फिरले. सव्वाबारा वाजता इतवारीचा फोन आला.

"बाबूजी, तुमी कुठं राहिले? मी कवाचा पोचलो. पहिला नंबर आला!"

"डोंग्यानं?"

"आता होता तोच नेला ना बाप्पा."

त्या संध्याकाळी भोजराजजींनी ओट्यावर उभं राहून शपथ घेतली, की या धनीरामाचं आणि त्याच्या चिन्हाचं तोंड जन्मात पाहणार नाही. कुंताबाईंनी भावाच्या ट्रकच्या नावाने तीच शपथ जास्त जोरात घेतली.

मतदान झालं, निकाल लागला. होडी ट्रकवरून घरी आली, यावेळी झाकलेली. दुसऱ्याच दिवशी धनीराम नारळ घेऊन दारात हजर! पडलेला उमेदवार, पण चेहरा हसरा.

"साऱ्या गटात आपटलो, भोजराजजी. पण तुमच्या बूथवर मले एक मत पडलं. एकच! तुमी त शपथ घेतली; मंग कुंतावहिनी, मले मालूम हाय, ते तुमचंच."

"माह्यं?" कुंताबाई उसळल्या. "तुमच्या चिन्हापायी माह्या भावाचा ट्रक चार दिवस अडकला! मी कायले देऊ?"

मग त्या थांबल्या, आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

भोजराजजींनी हातातला पेपर टोपीपर्यंत वर केला.

"मतदान गुप्त असते," पेपरामागून आवाज आला. "अन् कोणाची का असेना, होडी पार शून्यावर बुडताना मले पाहावत नाई!"