घरात कोन हाय गो?

दाऊदचाचा कालवडीच्या पोटावर दोन बोटांनी टकटक करतात, कान लावतात आणि विचारतात, "घरात कोन हाय गो?" मग उत्तराची वाट बघतात.

आखातातल्या बरका गावाजवळच्या आमच्या डेअरी फार्मवर मी जनावरांची डॉक्टर आहे. महिन्यातून एकदा कालवडींची विभागणी होते. मी सोनोग्राफीचं मशीन लावून तपासायचं आणि फाटकावरच्या चाचांनी गाभण तेवढ्या डावीकडे, रिकाम्या उजवीकडे सोडायच्या. पण माझं मशीन सुरू व्हायच्या आत चाचांचा निकाल लागलेला असतो. "मानूस हाय," नाहीतर "घर बंद हाय." पहिल्याच दिवशी या रत्नागिरीच्या म्हाताऱ्यानं चाळीसपैकी चाळीस बरोबर सांगितल्या आणि माझी पुण्याची पदवी गोठ्यात लोळवली.

मला खटकतं ते वेगळंच. चाचांनी विचारलं की गोठ्यातली सगळी जनावरं रवंथ थांबवतात. पंखे तेवढे फिरत असतात. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण त्या वेळी मी कुणाकडे पाठ करून उभी राहत नाही.

गेल्या महिन्यात चारशे सतरा नंबरची कालवड आली. गाभण राहावी म्हणून तीनदा भरवूनही रिकामी राहिली, तर गुरुवारच्या ट्रकमधून कत्तलखान्यात, असा अर्बाबचा, म्हणजे आमच्या मालकाचा, नियम. तिची ही तिसरी खेप होती आणि मशीनवर काहीच दिसेना. चाचा बराच वेळ कान लावून होते.

"वायच थांबा, बाय. काही जनी उशिरा सांगतात," म्हणाले आणि त्यांनी डावीकडचं फाटक उघडलं.

मी चिडले. खलास म्हणजे खलास, असं सुनावून तिला उजवीकडे घालायला लावलं. चाचांनी घातली आणि फाटकाची कडी लावली.

संध्याकाळी त्यांची गाडी चुकली. मीही त्यांच्याच वस्तीत, माबेल्यात, राहते, म्हणून सोडायला निघाले. वाटेत पहिल्यांदाच बायकोचं बोलले. जुलेखाबी गावी आजारी पडली, यांना वेळेत रजा मिळाली नाही. शेवटच्या दिवशी कुणीतरी तिच्या कानाला फोन लावला. "मी इचारीत ऱ्हायलो. ती काय बोलली नाय."

ते गाडीत डबा विसरले, म्हणून मी मागोमाग जिना चढले. चाचा एकटेच राहतात. किल्ली हातात होती, तरी त्यांनी स्वतःच्याच दारावर दोन बोटांनी टकटक केली आणि कान लावला.

"घरात कोन हाय गो?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हळूच म्हटलं, "चाचा, घर बंद आहे."

"वायच थांबा, बाय."

आणि आत खुर्ची सरकली. फ्रिजचा आवाज असेल. वरच्या मजल्यावरचाही असेल. चाचांनी समाधानानं दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर दोन कप पालथे घातलेले होते.

सकाळी मी ट्रकच्या यादीतून चारशे सतरा खोडली आणि पुढे लिहिलं, महिन्याने पुन्हा तपासणे. अर्बाबनं कारण विचारलं. काही जणी उशिरा सांगतात, असं मी त्यांना सांगितलं.