काट्याचा ढीग आन् गळकं मडकं

आमच्या गावात कायद्यानं कचरा जाळणारा मी पहिलाच! बाकीचे काडी ओढतात आन् जेवायला निघून जातात. मागच्या उन्हाळ्यात असाच कुणीतरी बांध पेटवला, तर आमच्या घरामागचा अख्खा डोंगर जळाला. आपलं तसं काम न्हाई!

मी सरळ वनरक्षक मुनिरा मॅडमला फोन लावला. "मॅडम, घरामागं बाभळीच्या काट्या पडल्यात. जाळू का?"

"सकाळी, वारं नसताना. भोवती दहा फूट जागा साफ करा, ओली करा. आन् मी आल्याबिगर काडी ओढायची न्हाई. ओढली तर केस करीन!"

घाई कावून? दुसऱ्याच दिवशी अकराला पोरीकडचे आमचं घर बघायला येणार व्हते. नेकनूरची अंजना. मी बघून आलतो. पसंत म्हणजे लई पसंत! आधीच्या तिघींनी मला न्हाई म्हणून सांगितलेलं. हे जमलंच पायजे व्हतं.

सकाळीच ढीग रचला. लांबट, कमरेइतका. पाण्याचा पाईप फुटलेला, म्हणून खांद्यावर मडकं घेतलं. मडकं गळकं, पण लई कामाचं! चालत ऱ्हायलं की आपोआप बारीक धार पडती. नवे कपडे पाहुण्यांसाठी ठेवले, कमरेला नुसता पांढरा पंचा. ढिगाभोवती तीन चकरा मारल्या.

मागच्या सडकेवरून त्रिंबकअण्णा सायकलवर चाललते. थांबले. टोपी काढली, हात जोडले आन् गेले. मी म्हनलं, बघा, नियम पाळणाऱ्याला किती मान असतो!

दहा मिनटात माणसं यायला लागली. हरेकाच्या हातात गोवऱ्या! सरळ ढिगावर ठेवायला लागले.

"अहो, गोवऱ्या कावून टाकायलाव? मला काट्याच जाळायच्यात!"

"डोक्यावर परिणाम झालाय लेकराच्या," कुणीतरी म्हनलं.

त्रिंबकअण्णानं पाठीवर हात ठेवला. "युवराज, आता घरात मोठा तूच."

"मी? आन् बाबा?"

झालं! चतुराआत्यानं हंबरडाच फोडला. "माझ्या रामहरीदादाऽऽ!"

माझं डोकं मिक्सरसारखं गरगरायला लागलं. बाबा तर मोटारसायकलवर बीडला पेढे आणायला गेलते! फोन घरीच, चार्जिंगला.

भजी कढईत टाकून आई भायेर पळत आली. आत्या तिच्या गळ्यात पडली. आईला वाटलं, बीडच्या रोडला गाडी ठोकली! तिनं तिथंच अंग टाकलं. लोकांना वाटलं आईला माहीत हाय, आईला वाटलं लोकांना माहीत हाय. मला तर काहीच माहीत न्हाई, पण आई रडायली म्हनल्यावर मीबी रडलो. मडकं खांद्यावरच!

तेवढ्यात जीप आली. पाहुणे! कोण गेलं ते न विचारताच अंजनाची आई बायकांत बसली आन् रडायला लागली. अंजनाचे वडील, भागवतराव, माझ्याजवळ आले. "कोण गेलं?"

"बाबा... असं म्हणतेत."

"म्हणतेत म्हणजे? मयत कुठंय?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

फटफट आवाज आला. बाबा! त्यांनी गर्दी बघितली, आडवी पडलेली आई बघितली, माझ्या खांद्यावरचं मडकं बघितलं, आन् पेढ्याचा पुडा टाकून बोंबलले, "मंजुळेऽऽ! कशी गं गेलीस!"

आई ताडकन उठून बसली. बाबा किंचाळले. आत्या बेशुद्ध!

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. उघडं पोरगं, सरणासारखा ढीग, गळक्या मडक्याच्या तीन चकरा. त्रिंबकअण्णाचं तरी काय चुकलं?

सगळ्यात शेवटी मुनिरा मॅडम आल्या. "वारं सुटलंय, आज जाळायचं न्हाई. आन् ढीग एवढा कसा वाढला?"

सगळ्यांच्या तोंडात पेढे व्हते.

तीन दिवसांनी भागवतरावांचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"घर लई आवडलं. अर्ध्या तासात एवढी माणसं धावून येतेत! त्या रडारडीचं आमी काय मनावर घेतलं न्हाई."

मी जागेवरच उडी मारली!

"पण पोराला उघडं बघितलं ना आमी. घरची मंडळी म्हनतेत, बरगड्या लई दिसतेत. जमायचं न्हाई."

आता सांगा! एकूण एक नियम पाठ केलता. शर्ट घालायचा म्हणून मॅडम बोलल्याच नव्हत्या!