सगुणाबाईंचा कडा सुटला त्याची हकीकत

श्री. ज्याने डोंगर उभे केले आणि मैदाने निजविली, त्याचे चरणी मस्तक ठेवून हे वर्तमान लिहितो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी घाटमाथ्यावर एक लहान राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात सुभानजी घोगरे म्हणोन तरणे शिलेदार होते, आणि त्यांची वडील बहीण सगुणाबाई. बाईंस लग्नानंतर लवकरच वैधव्य आले, आणि सासरच्यांनी माहेरी आणून पोचविले, आणि तेव्हापासून त्यांचे जिणे माजघर आणि परसू इतकेच राहिले. परंतु एक गोष्ट आईने चालू दिली. गावामागे काळा कडा होता, तो भावाबहिणीने लहानपणापासून चढावा, कामासाठी नव्हे, मधासाठी नव्हे, केवळ आवडीने. बाई कासोटा घट्ट करून पुढे जात, दोर कमरेस, आणि दोराचे दुसरे टोक खाली सुभानजींच्या हाती. परपुरुषाचे हाती दोर देणे बाईंस शक्य नव्हते आणि भावाविना उंबरठा ओलांडणेही शक्य नव्हते. मागून सुभानजी चढत. माथ्यावर दोघे जाऊन बसली म्हणजे बाई म्हणत, "इथे मला कोणी काही म्हणत नाही रे."

सुभानजींस दुसरा नाद हुतूतूचा. महाराजांचे संघात ते चढाईचे मुख्य गडी, आणि संघाचे नाईक खंडोजी विचारे त्यांचे जिवाचे मित्र. दरसाल जत्रेत शेजारच्या राज्याशी सामना होई आणि दोन्ही राज्यांची माणसे तो पाहावयास लोटत. त्या साली सामन्याचे आदले दिवशी भाऊबहीण कड्यावर गेली, आणि उतरताना सुभानजींचा घोटा मुरगळला, ते त्यांनी कोणास सांगितले नाही. अखेरच्या चढाईत दोन गडी बाद करून परतताना पाय लचकला, आणि मधली रेघ हातभर राहिली असता दम तुटला. सामना गेला. शेजारच्यांनी नगारे वाजवीत आपली सरहद्द गाठली, आणि खंडोजी मैदानात मातीवर बसून राहिले. दुसरे दिवशी महाराजांनी सुभानजींस बोलाविले आणि शांतपणे म्हणाले, "घोगरे, तुमचा पाय तुमचा एकट्याचा नाही. कडा धरा किंवा खेळ धरा. जे धराल त्यास आमचा रोष नाही, परंतु दोन्ही धरू नका." बाहेर खंडोजी उभे होते. ते म्हणाले, "सुभानजी, मी तुम्हांस आग्रह करीत नाही. पण आम्ही सहा जण तुमच्याकडे पाहून मैदानात उतरतो, एवढे मनात असू द्या."

सुभानजी घरी आले आणि जेवले नाहीत. मग परसात बाई वाल सोलीत होत्या तेथे जाऊन सर्व सांगितले. बाईंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "खेळ घे." सुभानजी म्हणाले, "आक्का, मग तुमचे काय?" बाई म्हणाल्या, "माझे काय व्हायचे आहे? घर आहे, आई आहे. तुझ्यावर सहा जण विसंबलेत, त्यांना सोडू नकोस." सुभानजींस हायसे वाटले, हे खरे आहे. त्यांनी महाराजांपुढे बेलभंडार उचलून शपथ वाहिली, आणि कड्याचे नाव सोडिले.

पुढील साली सामना जिंकिला. सुभानजींस खांद्यावर घेऊन लोकांनी वेशीपर्यंत नाचविले, महाराजांनी शेला दिला, आणि खंडोजी लहान मुलासारखे रडले. दारी आईने ओवाळिले. सगुणाबाई रीतीप्रमाणे आत, कवाडाआड उभ्या होत्या. गर्दी ओसरल्यावर त्यांनी विचारिले, "येताना कड्याखालून आलास ना? माथ्यावर ढग उतरले होते का?" सुभानजींनी पाहिले नव्हते. पुढे एकदा पावसाळा सरल्यावर बाई म्हणाल्या, "एकदाच जाऊन येऊ का रे? शपथ तुझी आहे. तू चढू नकोस, नुसता दोर धर." सुभानजी म्हणाले, "जत्रा होऊ द्या, आक्का." जत्रा झाली, आणि मग दुसरी आली, आणि बाईंनी पुन्हा विचारिले नाही. त्या परसात जाईनाशा झाल्या, कारण परसातून कडा दिसे. आईने हे पाहिले होते, परंतु लेकाचे यश पाहून तीही बोलली नाही, आणि न बोलताच वारली.

बहुत वर्षांनी एका पकडीत सुभानजींचा गुडघा मोडला. महाराजांनी मानाने निरोप दिला आणि शपथेतून मोकळे केले. पाय चालता होताच सुभानजी लंगडत घरी आले, नवा दोर आणिला आणि म्हणाले, "आक्का, चला." बाई कासोटा घट्ट करून निघाल्या. कड्यापाशी येऊन त्यांनी पाषाणावर हात ठेविला, दोर कमरेस बांधिला, आणि पुरुषभर उंची चढल्या. तेथे थांबल्या. बोटे कपारीत होती, ती पुढे सरेनात. खालून सुभानजी म्हणाले, "उजवीकडे खोबण आहे, आक्का. हात वर करा." बाई म्हणाल्या, "दिसते रे मला. हात ऐकत नाही." आणि हळूहळू उतरल्या, आणि दोर सोडून खाली बसल्या. सुभानजी शेजारी बसले आणि म्हणाले, "मी तुमचे फार नुकसान केले." बाई म्हणाल्या, "खेळ घे असे मीच म्हटले होते. तुला बोल लावीत नाही." मग काही वेळाने म्हणाल्या, "पण तू एकदा तरी नाही म्हणशील, असे वाटले होते." सुभानजींनी दोर गुंडाळून ठेविला. ऊन कलले तेव्हा दोघे उठली, आणि वाटेत बाईंनी त्यांचे दुखऱ्या पायाकडचा हात धरिला.

त्यानंतर उभयता एके घरी बहुत काळ राहिली आणि एकमेकांस जपून राहिली. कड्याची गोष्ट दोघांनीही काढिली नाही. राज्यात सामन्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे, पोरे अद्याप सुभानजींचे नाव घेऊन दम घुमवितात. बाईंचे नाव कोणी घेत नाही, म्हणोन येथे लिहिले. इतके जाहले. अधिक लिहवत नाही.